पेटंट कचेरीतले गोतो

पदवीला गणित घेतले तेव्हा पुढे एम.एस्सी. करण्याचा मनसुबा होता. पण वडील गेले, घराचा भार आला आणि मी केंद्र सरकारचा कारकून होऊन देहरादूनला येऊन पडलो. गणित उरले ते महागाई भत्त्याच्या टक्क्यांपुरते!

गेल्या हिवाळ्यात कचेरीतील एका शास्त्रज्ञ बाईंचे पर्जन्यमानाच्या आकडेमोडीचे काम अडले. त्यांच्या निवृत्तीला एकच महिना उरला होता. कोणी दिलेली तयार गणिती लायब्ररी आमच्या जुन्या संगणकावर चढवली, तर पहिल्याच गुणाकाराला 'अवैध सूचना' म्हणून आज्ञावली बंद पडे. "पाहता का जरा? तुम्ही गणिताचे ना?" बाई म्हणाल्या. 'गणिताचे' असे मला बारा वर्षांत कोणी म्हटले नव्हते.

कारण साधेच निघाले. ती लायब्ररी नव्या प्रोसेसरवर, त्याच्या सूचना गृहीत धरून कंपाइल केलेली; आमच्या यंत्राला त्या ठाऊकच नव्हत्या. तेव्हा 'ओपनब्लास' ही लायब्ररी मूळ संहितेवरून येथेच कंपाइल करायची ठरली. 'मेक' ही आज्ञा दिली की ती यंत्राची जात स्वतः ओळखते. मी मात्र शहाणपणा केला आणि ३२ ऐवजी ६४ बिटांच्या पूर्णांकांचा पर्याय निवडला. मोठे ते बरे, ही कारकुनी समजूत! बाईंची आज्ञावली ३२ बिटांचे आकडे पाठवी. लायब्ररी शेजारचे ३२ बिटही त्यातच धरून वाची आणि 'आठवा घटक अवैध' असा शेरा मारून काम परत करी. असले शेरे आजवर मीच मारीत आलो होतो.

चूक शोधता शोधता रात्री या लायब्ररीचे कूळ वाचनात आले. २०११ मध्ये सुरू झालेल्या ओपनब्लासचा पाया काझुशिगे गोतो यांच्या 'गोतोब्लास'चा. आकड्यांचे मोठे तक्ते लहान तुकड्यांत पाडून प्रोसेसरच्या निकटच्या स्मृतीत असे ठेवायचे, की त्याला आकड्यांची वाट पाहत बसावे लागू नये. आणि त्यासाठी असेंब्ली भाषेतील ओळी हाताने बसवायच्या. हा गृहस्थ एकेकाळी जपानच्या पेटंट कचेरीत नोकरीला होता! मी तो मजकूर दोनदा वाचला.

मग पुन्हा ३२ बिटांवर कंपाइल केले. बाईंना घाई होती, तरी सोबतच्या चाचण्या पुऱ्या होईतो मी लायब्ररी हाती दिली नाही. आकडेमोड सुरळीत झाली. बाईंनी दुसऱ्या दिवशी पेढे दिले. त्यांच्या अहवालात माझे नाव आले नाही. ते यायला हवे होते असे मात्र, खरे सांगतो, मला वाटले.