खरा डॉक्टर कोणता?

गेल्या महिन्यात वाघोलीतील माझ्या दवाखान्यात एक आजोबा रक्तदाब तपासून घेण्यासाठी आले. सोबत नात होती. ‘नीट’च्या गुणांवर तिला सरकारी दंत महाविद्यालयात प्रवेश मिळत होता. एमबीबीएससाठी मात्र खासगी महाविद्यालयाची फी भरावी लागणार होती आणि त्यासाठी आजोबा उरलीसुरली जमीन विकायला निघाले होते. “डॉक्टरसाहेब, दातांचा डॉक्टर म्हणजे काही खरा डॉक्टर नव्हे, हे तुम्हीच हिला समजावून सांगा,” ते म्हणाले.

मी क्षणभर गप्प राहिलो. आमच्या वेळी बारावीच्या गुणांवर प्रवेश ठरत. माझ्यासमोरही हे दोन्ही मार्ग खुले होते आणि माझ्या वडिलांनी जवळजवळ हेच वाक्य उच्चारले होते. मी एमबीबीएस झालो. त्याचा पश्चात्ताप नाही; मात्र त्या वाक्याची किंमत पुढे माझ्या आईने मोजली.

दहा वर्षांपूर्वी पंचाहत्तरी ओलांडलेल्या आईचे वजन चार महिन्यांत सहा किलोंनी घटले. मी रक्ततपासण्या केल्या, थायरॉईड पाहिले, सोनोग्राफी केली. मनात कर्करोगाची धास्ती होती. भाकरी सोडून ती ताकभातावर आली होती, ते मी वयावर ढकलले. अखेर एका दंतवैद्य मित्राने तिला कवळी काढायला लावली. खाली हिरडी सोलवटून जखम झाली होती. दात गेल्यावर जबड्याचे हाड हळूहळू झिजते आणि जुनी कवळी सैल होऊन घासू लागते. “तुला आणखी त्रास कशाला द्यायचा,” म्हणून आई बोलली नव्हती. रोज तिची नाडी पाहणाऱ्या मला तिच्या तोंडात डोकावण्याचे सुचले नव्हते.

१८४० मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे पहिले दंत महाविद्यालय निघाले आणि दंतवैद्यकाची वाट वेगळी झाली. शरीर मात्र एकच राहिले. अनियंत्रित मधुमेहाने हिरड्यांचा विकार बळावतो आणि हिरड्यांच्या विकाराने साखर आटोक्यात राहत नाही.

म्हणून घरातील वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. कवळी रात्री काढून, स्वच्छ करून पाण्यात ठेवावी. आठवड्यातून एकदा उजेडात तोंड पाहावे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा चट्टा अवश्य दाखवावा. दात काढण्यापूर्वी सर्व औषधांची यादी दंतवैद्याला द्यावी. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. हाडांच्या ठिसूळपणासाठी इंजेक्शन चालू असेल, तर तेही आवर्जून सांगावे.

नातीला मी विचारले, “तुला काय आवडतं?” ती म्हणाली, “हातानं बारीक काम करायला आवडतं. पण आजोबांना कमीपणा वाटेल.”

आजोबांना म्हणालो, “जमीन राहू द्या, काका. बीडीएसची मुलेही शरीररचना, औषधशास्त्र शिकतात. चार वर्षांचा अभ्यास आणि वर्षभराची इंटर्नशिप करून ती डॉक्टरच होईल. माझ्या आईचे दुखणे ओळखणारा दातांचाच डॉक्टर होता.”

ते काही बोलले नाहीत. मग मी त्यांना कवळी काढायला सांगितली आणि टॉर्च नातीच्या हाती दिला.