हुकमाखालचा माणूस

सरकारी नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना गोपनीय अहवाल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बेळगावच्या सरकारी मराठी शाळेत मुख्याध्यापक या नात्याने आम्ही हे अहवाल वर्षानुवर्षे लिहीत आलो आहोत. अध्यापन, वक्तशीरपणा, विषयाची तयारी यांविषयी लिहून झाले, की शिक्षकाची वरिष्ठांशी वागणूक कशी आहे तेही नोंदवावयाचे असते. आणि तेथे लेखणी सवयीने दोन शब्द उमटवते : नम्र व आज्ञाधारक. तोच शिक्षक शाळेच्या शिपायाशी किंवा आठवीतल्या अडखळत वाचणाऱ्या मुलाशी कसा वागतो, हे आम्हांस आजवर कोणी विचारले नाही. नम्रता ही खालून वर वाहणारी वस्तू आहे, अशी एकंदर दप्तराची समजूत दिसते.

दप्तराचे सोडून द्या. पण रविवारी आम्ही ज्या ख्रिस्ती मंडळीत उपासनेस बसतो, तेथेही पुष्कळदा हीच समजूत आढळते, याचे आम्हांस अधिक वाईट वाटते. पुढाऱ्याने नम्र असावे, देवाच्या अधिकाराखाली असावे, हे आम्ही लहानपणापासून व्यासपीठावरून ऐकत आलो. ऐकताना बरे वाटते. मात्र देवापुढे वाकलेल्या माणसाने इतर माणसांपुढे किती वाकावे, असा प्रश्न कोणी काढला की सभा अस्वस्थ होते.

शुभवर्तमानात एक रोमी शताधिपती येतो. शंभर शिपायांवरचा हा अंमलदार. कफर्णहूम गावी त्याचा चाकर आजारी पडला, तेव्हा येशूने आपल्या घरापर्यंत येण्याचीही गरज नाही, नुसता शब्द बोलावा, असे त्याने विनविले. त्याने दिलेले कारण मोठे मार्मिक आहे. आपण स्वतः दुसऱ्याच्या हुकमाखाली आहोत, म्हणूनच आपल्या शब्दावर शिपाई हलतात, हे तो जाणून होता. आम्हां शिक्षकांना ही गोष्ट चटकन उमजते. वर्गात आमचा शब्द चालतो तो काही आमच्या पदरचा नसतो. कोणीतरी तो आमच्या हाती सोपविलेला असतो, आणि मुदत संपली की किल्ल्यांबरोबर तो परत द्यावयाचा असतो. अधिकार उसना आहे हे ज्याला ठाऊक असते, तो त्याचा रुबाब करीत नाही.

पण ही झाली अर्धीच गोष्ट. मरणाच्या आदल्या रात्री येशूने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. ते काम त्या काळी घरातल्या दासाचे. दुसऱ्याच दिवशी त्याला पिलाताच्या पुढे उभे केले, आणि सोडण्याचा व मारण्याचा अधिकार आपल्या हाती आहे असे त्या सुभेदाराने बजावले, तेव्हा हा अधिकार तुला वरून मिळाला आहे, असे त्याने शांतपणे सुनावले. कोळ्यांच्या पायांशी बसलेला तोच, आणि सत्तेपुढे ताठ उभा राहिलेलाही तोच. यांतले पहिले चित्र आमच्या मंडळ्यांतून फार रंगविले जाते. दुसऱ्याविषयी प्रवचन क्वचितच होते.

या संदर्भात आम्हांस नेहमी पंडिता रमाबाईंची आठवण होते. त्यांचा जन्म १८५८ साली, आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. म्हणजे आपल्या वाचकांप्रमाणे त्याही महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या मराठी. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात राहिल्या. त्या काळातील त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो ग्रंथ आम्ही एका सुटीत वाचला आणि कित्येक दिवस दुसरे काही वाचवेना.

विशीतली ही विधवा, जवळ लहान मुलगी, परका देश, राहण्याजेवण्याची सोय दुसऱ्यांच्या कृपेवर. अशा स्थितीत, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे की काय, असा विषय निघाला, तेव्हा मुंबईच्या व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ती निमूट मान्य केली नाही. आपल्याविषयीचा निर्णय आपणांस न विचारता कसा होतो, असे त्यांनी स्पष्ट विचारले. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, हेही विचारले. धर्मगुरूंचा प्रत्येक शब्द देवाचा शब्द मानण्यास त्या तयार नव्हत्या. त्यांच्यावर माया करणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांना हे सारे गर्वाचे लक्षण वाटे. रमाबाई शाकाहार सोडीत नाहीत, यातही त्यांना जुन्या जातीचा अभिमान दिसला. सिस्टरबाई दुष्ट नव्हत्या, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्यांचा हेतू निर्मळच होता. परंतु आज्ञाधारकपणा आणि देवाची आज्ञा यांतले अंतर त्यांना कधी जाणवलेच नसावे.

हा प्रकार आमच्यापासून दूर नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत एका तरुण परिचारिकेने इमारत निधीचा तपशीलवार हिशेब वाचून दाखवावा, अशी विनंती केली. आवाजात कसलाही ठसका नव्हता. यावर एका वयोवृद्ध पंचांनी उठून मरीयेच्या नम्रतेवर दहा मिनिटे भाषण केले. बाई खाली बसल्या. आम्ही त्यांच्या विनंतीस अनुमोदन दिले, आणखी दोघांनी दिले, तेव्हा हिशेब वाचण्यात आला. नवल असे, की हिशेब चोख निघाला. एका रुपयाचाही फरक नव्हता. लपविण्यासारखे काहीच नसता एवढा राग का यावा? ते पंच आजही त्या परिचारिकेशी बोलत नाहीत. त्यांना पैसा राखावयाचा नव्हता, 'मला विचारणारे कोण' हे राखावयाचे होते, असे आमचे मत झाले आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. बिशपांचे ऐकावयाचे नाही, पंचांचे ऐकावयाचे नाही, आणि 'मी फक्त देवाचे ऐकतो' असे म्हणावयाचे, यापरते सोयीचे ते काय? पुढाऱ्याच्या तोंडी 'देवाने मला सांगितले' हे शब्द आले की आम्हीही सावध होतो. या शब्दांनी मंडळ्या फुटल्या आहेत, जमिनी गेल्या आहेत. म्हणून तो शब्द उच्चारणाऱ्याच्या पदरी पुढे काय पडले, हे आम्ही पाहू लागतो.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी असा शब्द उच्चारला होता. १८९५ साली ख्रिस्ती झाल्यापासून अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी दोन तपे काम केले. त्यांची पदे मराठी उपासनेत आजही गायली जातात. नाव होते, मान होता, ठरलेला पगार होता. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास, १९१७ मध्ये, देवाची हाक आली असे म्हणून त्यांनी मिशनचे काम आणि पगार दोन्ही सोडले, साताऱ्यास बिऱ्हाड नेले आणि 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताचे सर्व अनुयायी त्यात भावंडे म्हणून यावेत, अशी ती कल्पना. नावातच पाहा, दरबार टिळकांचा नव्हे. देवाच्या सांगण्यावरून त्यांची मिळकत वाढली नाही. होती तीही गेली. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले, तेव्हा दरबार नुकता कोठे बाळसे धरीत होता.

बाकी टिळक स्वभावाने गरीब गाय नव्हते. रागीट, लहरी, हाती आलेला पैसा वाटून मोकळे होणारे. हे आम्ही कोणा टीकाकाराच्या आधारे लिहीत नाही; लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' मध्ये ते हसतहसत लिहून ठेवले आहे. त्या घरातल्या ओढाताणीचे ओझे कोणी वाहिले, हे त्या पुस्तकातून कळते, आणि पतीच्या ईश्वरनिष्ठेची किंमत बहुधा पत्नी मोजते, हा विचार मनातून जात नाही. तरी आमच्या मते त्या पुस्तकाने टिळक लहान झाले नाहीत. धर्मपुढाऱ्याची इतकी मोकळी थट्टा त्याच्या पत्नीला करता यावी आणि त्यात कडवटपणा नसावा, हे त्या घराविषयी पुष्कळ काही सांगते. आमच्या पाहण्यातल्या किती पुढाऱ्यांच्या घरी असे पुस्तक लिहिले जाईल?

रमाबाईंचे पुढे काय झाले, ते पाहू. बिशपांपुढे न वाकलेल्या या बाई केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या मुलींपुढे किती खाली वाकल्या, याची साक्ष त्यांचे बायबल देते. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, त्या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ ग्रंथावरून मराठी भाषांतर केले, आणि ते करताना आपली संस्कृत विद्या बाजूस ठेवली. खेड्यातल्या नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्या बाईला कळेल, तेवढीच मराठी त्यांनी वापरली. आम्ही मराठीचे एम. ए.; एक सोपे वाक्य लिहिण्यास आम्हांस किती अवघड जाते, हे प्रस्तुत लेखावरूनच दिसेल. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा गेली. हे काम तरीही चालू राहिले. भाषांतर हातावेगळे केल्यावर थोड्याच काळात, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई वारल्या. ग्रंथाची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली, आणि १९२४ मध्ये तो बाहेर पडला.