उणे चाळीस

आमच्या भद्रावतीत पौषातली थंडी पडली की घरोघर दोन वस्तू माळ्यावरून खाली उतरतात, रजया आणि शेगड्या. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, तेव्हा कोळशाचे आम्हाला अप्रूप नाही. स्वयंपाक गॅसवर होतो. पण माझ्या आईला रात्री खाटेजवळ शेगडी लागते ती लागतेच. शेगडी आधी अंगणात पेटवायची, धूर पुरता ओसरू द्यायचा, निखारे लालबुंद झाले की मगच आत आणायची आणि दार-खिडक्या लावून घ्यायच्या, असा तिच्या सासूपासूनचा शिरस्ता. धूर नाही तिथे भय नाही, हे आमचे घरगुती शास्त्र! सकाळी तिचे डोके दुखे, ते आम्ही पित्ताच्या खात्यावर मांडून मोकळे झालो होतो.

गेल्या पौषात माझा भाचा मुक्कामाला आला. कारखान्यांच्या बॉयलरांचा धूर तपासणे हा त्याचा व्यवसाय. त्यासाठी त्याच्यापाशी एक हातात मावणारे यंत्र असते. त्याला एक लांब रबरी नळी आणि टोकाला पोलादी दांडी. दांडी धुराड्याच्या भोकात घातली की यंत्र धूर ओढून घेते आणि त्यात प्राणवायू किती, कार्बन मोनॉक्साइड किती, हे आकड्यांत सांगते. प्राणवायू फार उरला तर उष्णता धुराड्यातून वाया जाते. कमी पडला तर कोळसा अर्धवट जळतो आणि मोनॉक्साइड वाढतो. यंत्राचे नाव 'फ्ल्यू गॅस अ‍ॅनलायझर'. मराठीचा प्राध्यापक या नात्याने मी त्याला 'धूरपारखी' हे नाव बहाल केले. भाच्याने ते हसून स्वीकारले आणि पुन्हा कधी वापरले नाही.

रात्री जेवणे झाल्यावर तो आजीशी गप्पा मारीत, शेगडीजवळच यंत्राची निगा करीत बसला. धूर नळीत थंड झाला की त्याचे पाणी होते. ते पंपापर्यंत जाऊ नये म्हणून वाटेत एक लहान भांडे असते, ते त्याने रिकामे केले. काळी पडलेली गाळणी बदलली. मग दांडीचे तोंड अंगठ्याने दाबून पंप अडतो की नाही ते पाहिले.

"नळीला बारीक भोक असलं ना मामा, तर बाहेरची हवा आत शिरते. प्राणवायू जास्त दिसतो, विषारी वायू कमी. मालक खूश, आणि आकडा खोटा!"

यंत्र चालू झाल्यावर मिनिटभर आसपासची हवा ओढते आणि तीच शुद्ध धरून आपले शून्य ठरवते. तसे त्याने ते तिथेच ठरवले. मग मला दाखवायला म्हणून आम्ही अंगणात लिंबाखाली आलो. पडद्यावर मोनॉक्साइडचा आकडा होता : उणे ४०.

"उणे विष म्हणजे अमृतच की रे!" मी म्हणालो.

तो हसला नाही. "मामा, मी हे चालू कुठे केलं?"

आणि उत्तराची वाट न पाहता तो आत धावला. दार-खिडक्या सताड उघडून त्याने शेगडी बाहेर आणली. आई ओरडली, "बाप्पा! नातू आहे की दरोडेखोर?"

नंतर त्याने समजावले. आईच्या खोलीत हवेच्या दर दहा लाख भागांत ४० भाग मोनॉक्साइड होता. यंत्राने तेच शून्य धरले, म्हणून अंगणातली स्वच्छ हवा त्याला शून्याहून कमी वाटली. जागतिक आरोग्य संघटनेने आठ तासांच्या सरासरीसाठी घातलेली मर्यादा सुमारे ९ भागांची आहे. या वायूला ना रंग, ना वास. आणि रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक ओढीने धरून ठेवते. धूर गेल्यावरही लाल निखारे तो सोडीतच राहतात. थंडी वाढून शेगडी मोठी झाली असती, तर एखाद्या सकाळी आई उठलीच नसती.

"पन्नास वर्षं शेगडीपाशी निजले, मेले का मी?" हा तिचा युक्तिवाद दोन दिवस चालला. मग गरम पाण्याची रबरी पिशवी आली, आणि आठवडाभरात डोकेदुखी गेली. पित्तावरचा इतक्या वर्षांचा आरोप आम्हाला मागे घ्यावा लागला.

जाताना भाच्याने यंत्र पुन्हा अंगणात चालू केले. प्राणवायूचा आकडा २०.९ वर स्थिर होईपर्यंत त्याला स्वच्छ हवा दिली, मगच पेटीत ठेवले. आतला प्राणवायूचा सेल नुसता पेटीत पडूनही झिजतो, दोनेक वर्षांनी बदलावा लागतो. आणि प्रमाण ठाऊक असलेल्या वायूच्या नळकांड्याशी यंत्र वेळोवेळी ताडूनही पाहावे लागते, असे तो म्हणाला. "त्याचं चुकतंय हे त्याचं त्याला कळत नाही, मामा."

मी गप्प राहिलो. वीस वर्षे मी मुलांचे पेपर तपासतो आहे. ज्या घरात, ज्या पुस्तकांत वाढलो तिथली भाषा मी शून्य धरली, आणि खेड्यातल्या मुलाने आपल्या बोलीत लिहिले की त्याला उणे गुण दिले. माझे शून्य कोणत्या खोलीत ठरले, हे मी कधी विचारलेच नव्हते.

यंदा पेपरांचा गठ्ठा आला तेव्हा मी खुर्ची लिंबाखाली टाकली. आईने आतून विचारले, "थंडीत बाहेर काय करतोस?"

"हवा घेतोय," मी म्हणालो.