पुस्तकांची मांडणी

दिवाळीची सुटी लागण्याआधीचे तीन-चार रविवार मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घालवतो. धुळ्यातील देवपूरच्या त्या शेडमध्ये करवत, रंधा, पटाशी, गुण्या आणि एक शिकंजा एवढीच सामग्री आहे. तीतून दरवर्षी एकच वस्तू घडते : हातभर लांबीची, दोन खणांची पुस्तकांची मांडणी. आपल्या वसतिगृहातील दहावीच्या मुलांनी सुटीला जाताना ती घरी न्यावी, एवढाच हेतू.

याचा आरंभ माझ्या रागावण्यातून झाला. सुटीनंतर परतलेल्या एका मुलाचे इतिहासाचे पुस्तक वाळवीने खाल्ले होते. मी बोललो. तो खाली मान घालून म्हणाला, “सर, घरात ठेवायला जागा नाही. भुईवरच ठेवलं होतं.” माझी स्वतःची पुस्तके धान्याच्या कोठीमागे पोत्यात असत, हे मी विसरलो होतो.

लाकूड आमच्या घराला नवे नव्हते. आजोबा गावकीच्या कामात बाभळीचे ओंडके फोडीत. फोडलेल्या लाकडाला आकार देणे मात्र त्यांच्याकडे नव्हते. कुऱ्हाड आमची, रंधा दुसऱ्याचा. १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले. हातांची ही वाटणी तेवढ्याने संपली नाही. जात ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले. मी ते वर्गात अनेक वर्षे शिकवले. पण पन्नाशीच्या उंबरठ्यावर रंधा हाती घेतला, तेव्हा ते नीट उमगले. लाकडाच्या वखारीतील एका वृद्ध सुतारकाकांनी तो धरायला शिकवले. नसेच्या उलट रंधा मारला की फळी उचकटते, हा त्यांचा पहिला धडा. पहिल्या वर्षी मी ओले निंबाचे लाकूड घेतले आणि उन्हाळ्यात साऱ्या फळ्या वाकल्या. आता पाडलेल्या घरांच्या चौकटींचे मुरलेले सागवान घेतो.

मुलांना मी अजिंठ्याला नेतो, तेव्हा दहाव्या लेण्याच्या छताकडे पाहायला सांगतो. तेथील लाकडी फासळ्या गेल्या, खाचा उरल्या. कार्ल्याच्या चैत्यगृहात तशा फासळ्या आजही आहेत आणि तेथील एका ब्राह्मी लेखात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने प्रवेशद्वार घडवल्याची नोंद आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका कारागिराचे नाव, त्याच्या वडिलांच्या नावासह, दगडावर कोरले गेले. म्हणून मांडणीच्या तळाशी मी माझे नाव घालीत नाही. ज्याची मांडणी, त्याने शेवटचा काचकागद स्वतः मारायचा, जवसाचे तेल लावायचे आणि आपले पूर्ण नाव लिहायचे, असा नियम आहे.

गेल्या वर्षी एक मुलगा सुटीनंतर परतलाच नाही. चाळीसगाव तालुक्यातील त्याच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. कुटुंब ऊसतोडीला गेले होते. “ते लाकडी फडताळ त्यानं गाडीत टाकलं,” असे शेजारणीने सांगितले. एवढ्यावर किती विसंबावे, ते मला कळेना. मार्चमध्ये तो परीक्षेला आला. एका खणात पुस्तके होती, दुसऱ्यात आईने तिखट-मिठाचे डबे मांडले होते, हे त्याने ओशाळून सांगितले. मी म्हणालो, “मग यंदापासून तीन खणांची करू.”

यंदा सोळा मांडण्या व्हायच्या आहेत. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाकडे जुन्या चौकटी वा फळ्या पडून असतील, तर शाळेत कळवावे. रविवारी सवड असेल त्यांनी स्वतःही यावे. पटाशीला धार लावण्याचे काम नेहमीच शिल्लक असते.

जय भीम.