बारा क्रेडिटांचा कायदा

परदेशी शिक्षणाविषयी चाकूर, अहमदपूर, उदगीर या परिसरातील घरांमध्ये जी चर्चा होते, तिचा बहुतेक भाग व्हिसा मिळेपर्यंतच्या टप्प्यांचा असतो. गुणपत्रकांच्या साक्षांकित प्रती, इंग्रजीची परीक्षा, बँकेच्या कर्जासाठी घर किंवा बिगरशेती प्लॉटचे तारण, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत होणारी दोन-चार मिनिटांची मुलाखत आणि अखेर पासपोर्टवर लागलेला एफ-१ व्हिसा, इथपर्यंत पोहोचले की कुटुंबाच्या लेखी गड सर झालेला असतो. अमेरिकी कायद्यात मात्र या व्हिसाचे काम विमानतळापुरतेच आहे. तो प्रवेशाची मागणी करण्याचा परवाना असून, देशात राहण्याचा हक्क त्यातून येत नाही. तो हक्क ‘स्टेटस’मधून, म्हणजे विद्यार्थी म्हणून मिळालेल्या कायदेशीर दर्जातून येतो, आणि हा दर्जा प्रत्येक सत्रात पुरेशा विषयांसाठी नाव नोंदवूनच टिकवावा लागतो. म्हणूनच पासपोर्टवरील व्हिसाची मुदत संपली तरी नियमित शिकणारा विद्यार्थी तिथे वैधपणे राहू शकतो, तर पाच वर्षांचा व्हिसा हाती असलेला विद्यार्थी एका चुकीच्या सत्रामुळे दर्जा गमावू शकतो.

पुरेसे विषय म्हणजे किती, हे संघराज्याच्या नियमावलीत ‘पूर्ण अभ्यासक्रम’ या संकल्पनेने ठरवले आहे. पदवीच्या विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात किमान १२ क्रेडिट घेतले पाहिजेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी हा आकडा ठरवण्याचे काम विद्यापीठावर सोपवलेले असून बहुतेक ठिकाणी तो ९ असतो. क्रेडिट म्हणजे ढोबळमानाने सत्रभर दर आठवड्याला एक तास वर्गातील अध्यापन, त्यामुळे ९ क्रेडिट म्हणजे सामान्यतः तीन विषय होतात. या मोजणीत ऑनलाइन विषयाला एका सत्रात जास्तीत जास्त एकदा, म्हणजे ३ क्रेडिटपुरतीच जागा आहे. कोविडच्या काळात ही मर्यादा शिथिल झाली होती. परंतु ६ जुलै २०२० रोजी अमेरिकी प्रशासनाने केवळ ऑनलाइन शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही असे जाहीर केले, हार्वर्ड आणि एमआयटी या संस्था न्यायालयात गेल्या, आणि १४ जुलैला तो निर्णय मागे घेण्यात आला. वर्गात बसणे हा शिक्षणाचा केवळ एक प्रकार आहे की राहण्याच्या हक्काचे कारणच, असा प्रश्न त्या आठवड्याने विचारला होता. नियमावलीचे उत्तर आजही दुसऱ्या बाजूचे आहे.

मराठवाड्यातील महाविद्यालयांतून गेलेल्या विद्यार्थ्याला हा आकडा कमी वाटतो आणि इथेच पहिली गफलत होते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानंतर क्रेडिट हा शब्द रुळला असला आणि सत्राला वीस-बावीस क्रेडिट कागदावर दिसत असले, तरी तिथे विषय अभ्यासक्रमानेच ठरवून दिलेले असतात. विद्यार्थी प्रवेश घेतो, परीक्षा फॉर्म भरतो, एखादा विषय राहिला तर एटीकेटीच्या सवलतीने पुढच्या वर्गात जातो आणि राहिलेला पेपर सवडीने काढतो. या सगळ्यात त्याचे ‘विद्यार्थी असणे’ कधीच धोक्यात येत नाही, कारण बोनाफाईड प्रमाणपत्र वर्षभराच्या प्रवेशावर मिळते. अमेरिकेत प्रत्येक सत्रापूर्वी विद्यार्थ्याने स्वतः विषय निवडून नोंदवायचे असतात, सत्राच्या पहिल्या काही दिवसांत ते बदलण्याची मुभा असते, आणि त्यानंतर विषय सोडल्यास गुणपत्रकावर नापासाऐवजी माघारीची खूण येते. नापास होण्यापेक्षा माघार बरी, हे शैक्षणिकदृष्ट्या शहाणपणाचे असते, आणि तिथला सल्लागार अमेरिकी विद्यार्थ्याला नेमके तेच सांगेल. परंतु एफ-१ वरील विद्यार्थ्याने ऑक्टोबरमध्ये जड जाणारा एक विषय सोडला की ९ चे ६ क्रेडिट होतात, आणि तेवढ्याने त्याच्या राहण्याचा आधार ढळतो. विषयात नापास झाला असता तर दर्जा टिकला असता, कारण सत्रभर तो पूर्ण अभ्यासक्रमात नोंदलेला राहिला असता. हा नियम कोणाला विपरीत वाटला तर त्यात नवल नाही.

विषय कमी करण्याची वाट कायद्याने बंद केलेली नाही, फक्त तिच्या तोंडाशी परवानगी ठेवली आहे. प्रत्येक मान्यताप्राप्त संस्थेत सरकारच्या नोंदप्रणालीत काम करण्याचा अधिकार दिलेला अधिकारी असतो, ज्याला तिथले सगळेच डीएसओ म्हणतात. आय-२० नावाचे पात्रतापत्रक देणे, पत्ता बदलल्याची नोंद करणे आणि भार कमी करण्यास संमती देणे ही कामे त्याची. शैक्षणिक अडचणीसाठी ही संमती मिळते, पण अडचणींची यादी आखूड आहे: सुरुवातीच्या काळात इंग्रजी किंवा वाचनाचा भार न झेपणे, तिथल्या अध्यापनपद्धतीची ओळख नसणे, किंवा चुकीच्या पातळीच्या विषयात नाव घातले जाणे. तेव्हाही निम्मा भार राखावा लागतो, आणि एका पदवीस्तरावर ही सवलत एकदाच मिळते. आजारपणात वैद्यकीय प्रमाणपत्रावर भार शून्यापर्यंत आणता येतो, मात्र एका पदवीस्तरावर एकूण १२ महिन्यांपर्यंतच. शेवटच्या सत्रात पदवीसाठी जेवढे विषय उरले असतील तेवढेच घेतले तरी चालते. पैशांची ओढ, गुण घसरण्याची भीती किंवा नोकरीची वेळ ही कारणे या यादीत कुठेच नाहीत.

संमती आधी आणि माघार नंतर, हा क्रम या सगळ्यात निर्णायक आहे. तहसील कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत ज्या समाजाने कार्योत्तर मंजुरी ही रीतच मानली आहे, त्या समाजातील कुटुंबाला हा क्रम औपचारिक वाटतो. काम तर योग्यच होते, कागद मागाहून जोडू, असा विचार स्वाभाविक असतो. डीएसओच्या पूर्वसंमतीशिवाय पूर्ण अभ्यासक्रमाखाली गेलेला विद्यार्थी मात्र त्या क्षणापासून दर्जाबाहेर समजला जातो, मग त्याचे कारण कितीही खरे असो. ज्या तापासाठी आठवड्यापूर्वी संमती सहज मिळाली असती, त्याच तापाचे प्रमाणपत्र आठवड्यानंतर केवळ दर्जा परत मागण्याच्या अर्जाला जोडायचा कागद ठरते.

यातला सर्वात कमी बोलला जाणारा धोका पैशाच्या वाटेने येतो. शैक्षणिक कर्जाची रक्कम बँक एकदम देत नाही. मागणीपत्र आणि मागील सत्राची प्रगती पाहून हप्त्याहप्त्याने ती पाठवते, आणि साडेसात लाखांपुढच्या कर्जाला सहसा तारण लागत असल्याने कागदपत्रांची फेरतपासणी, शाखेतील बदली, डॉलरचा वाढलेला भाव अशा कारणांनी हप्ता लांबतो. तिकडे शुल्क थकले की विद्यापीठ नोंदणी रोखते, काही ठिकाणी घेतलेले विषयही रद्द करते. चाकूरमधील शाखेत पंधरा दिवस पडून राहिलेली फाइल अशा रीतीने दुसऱ्या देशातील क्रेडिटांचा आकडा खाली आणू शकते, आणि विद्यार्थ्याने काहीच केलेले नसते. हप्ता उशिरा येणार असे दिसताच विद्यार्थ्याने शुल्क विभागाकडून मुदतवाढ आणि डीएसओकडून सल्ला एकाच दिवशी घ्यावा, हे कर्जाच्या कागदांवर सही करतानाच पालकांनी ठाऊक करून घेतलेले बरे.

या व्यवस्थेचा इतिहास पाहिल्यास तिचे स्वरूप अधिक उलगडते. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा त्यांच्यावर बंधन होते ते बडोदा संस्थानच्या कराराचे: सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीच्या बदल्यात परतल्यावर १० वर्षे संस्थानची सेवा. अभ्यासात खंड पडला तर विचारणारा निधी देणारा होता. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, तेव्हा लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत तो पुन्हा सुरू करण्याची मुभा दिली आणि १९२० मध्ये ते परत गेले. आजच्या एफ-१ विद्यार्थ्याने संमती घेऊन अभ्यास थांबवला तर त्याला देश सोडण्यासाठी १५ दिवस मिळतात, आणि पाच महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यास सहसा नवे आय-२० आणि नव्याने शुल्क भरून आरंभापासूनची वाट धरावी लागते. विद्यापीठाने जागा राखून ठेवली, म्हणून देशानेही ती राखली असे होत नाही.

विद्यापीठावर देखरेखीचे काम टाकणारी कल्पनाही शतकभर जुनी आहे. १९२४ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने विद्यार्थ्यांसाठी वेगळा वर्ग केला तो याच अटीवर की, मान्यताप्राप्त संस्थेने विद्यार्थ्याची उपस्थिती थांबल्याचे सरकारला कळवावे. अनेक दशके हे कळवणे कागदोपत्रीच राहिले. १९९३ च्या वर्ल्ड ट्रेड सेंटर स्फोटातील एक आरोपी विद्यार्थी व्हिसावर येऊन शिक्षण सोडलेला निघाला, तेव्हा १९९६ मध्ये संगणकीय नोंदीचा कायदा झाला; ११ सप्टेंबर २००१ च्या हल्लेखोरांपैकी एक जण इंग्रजी शिकण्याच्या व्हिसावर आला आणि वर्गात फिरकलाच नाही, हे उघड झाल्यावर त्या कायद्याची अंमलबजावणी घाईने झाली आणि २००३ पासून सेव्हिस ही प्रणाली सुरू झाली. विद्यार्थ्याने सत्र सुरू झाल्यावर ३० दिवसांत नोंदणी केली की नाही, पत्ता बदलल्यास १० दिवसांत कळवला की नाही, हे सर्व तिथे दिसते.

पत्त्याची नोंद किती बोलकी असते, हे २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावरील छाप्यात दिसले. दीड हजारांवर विद्यार्थी, बहुतांश आंध्र प्रदेशातील, तिथे नोंदलेले होते आणि त्यांतील शेकडो जणांचा पत्ता म्हणून सनीव्हेल शहरातील एकच सदनिका दिलेली होती. वर्ग नावापुरते, आणि नोंदणीच्या जोरावर ‘अभ्यासक्रमाचा भाग’ म्हणून देशभर नोकऱ्या, अशी ती व्यवस्था होती. संस्थाचालक महिलेला २०१४ मध्ये १६ वर्षांहून अधिक शिक्षा झाली. विद्यार्थ्यांपैकी काहींच्या पायाला मात्र आधीच इलेक्ट्रॉनिक पट्टे बांधले गेले होते, ज्याचा भारत सरकारने निषेध केला. २०१९ मध्ये मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठाचे प्रकरण तर याहून चमत्कारिक, कारण ते विद्यापीठ अमेरिकी तपास यंत्रणेनेच सापळा म्हणून उभे केले होते. तिथे शिक्षक नव्हते, वर्ग नव्हते, आणि पकडल्या गेलेल्यांत भारतीय विद्यार्थीच जवळपास सगळे होते. पैसे भरून नाव लागले म्हणजे नोंदणी झाली असे मानणाऱ्यांना दोष देता येईल, पण संस्थेची मान्यता सरकारी यादीत पाहून प्रवेश घेतलेल्याची फसगत सरकारनेच करावी, हे कुठल्याही न्यायबुद्धीला पटण्याजोगे नाही.

दर्जा गेल्यावर काय, याचे उत्तर थोडक्यात असे. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला ६० दिवस मिळतात, नियमभंगामुळे नोंद रद्द झालेल्याला एकही दिवस मिळत नाही. पुनःस्थापनेचा अर्ज आय-५३९ या फॉर्मवर करता येतो. त्यासाठी साधारणतः पाच महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, बेकायदा काम केलेले चालत नाही, वारंवार नियमभंग केल्याचा इतिहास चालत नाही, आणि प्रसंग विद्यार्थ्याच्या हाताबाहेरचा होता किंवा डीएसओ जी सवलत देऊ शकला असता तिच्याच कक्षेतील चूक होती व दर्जा न मिळाल्यास फार मोठे नुकसान होईल, हे दाखवावे लागते. निर्णय विद्यापीठ घेत नाही, स्थलांतर विभाग घेतो.

लातूर-नांदेडच्या वाचकाला अधिक परिचित असलेले परदेशी शिक्षण अमेरिकेतील नसून जॉर्जिया, रशिया, किर्गिझस्तान अशा देशांतील वैद्यकीय शिक्षण आहे. तिथे नोंदणीला दोन धनी असतात. यजमान देश व्हिसासाठी नोंदणी पाहतो, आणि भारताचा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार पुढे भारतात परवाना देताना त्याच नोंदणीचा इतिहास तपासतो: किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, इंग्रजी माध्यम, आणि संपूर्ण शिक्षण एकाच परदेशी संस्थेत. २०२२ च्या युद्धात युक्रेनमधून ‘ऑपरेशन गंगा’द्वारे परतलेल्या मुलांपुढे नेमका हाच पेच होता, कारण जीव वाचवण्यासाठी देश सोडला तरी संस्था बदलणे नियमात बसत नव्हते. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने मूळ विद्यापीठाची पदवी कायम ठेवून दुसऱ्या देशात शिकण्यास हरकत नसल्याचे कळवले, तेव्हा वाट निघाली. बदली करून देतो असे सांगणाऱ्या एजंटाला विचारायचा प्रश्न म्हणून दुसऱ्या धन्याविषयीचा असतो. यजमान देशाचा व्हिसा तर बहुधा मिळतोच.

भारताने स्वतःही याच दिशेने पाऊल टाकले आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायद्याने परदेशी विद्यार्थ्यांची माहिती कळवण्याची जबाबदारी इथल्या शिक्षणसंस्थांवर टाकली आहे, म्हणजे उद्या नांदेडच्या विद्यापीठात एखादा परदेशी विद्यार्थी आला तर तिथल्या लिपिकालाही डीएसओचेच काम करावे लागेल. अमेरिकेत मात्र डीएसओचे महत्त्व कमी होण्याची चिन्हे आहेत. २०२५ च्या वसंतात विद्यापीठांना न विचारता हजारो सेव्हिस नोंदी सरकारने परस्पर रद्द केल्या, आणि न्यायालयांतील दाव्यांनंतर एप्रिलअखेर त्या पूर्ववत करण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रस्ताव मांडला गेला की, शिक्षण चालू असेपर्यंत राहण्याची मुभा काढून विद्यार्थ्याला जास्तीत जास्त चार वर्षांची ठरावीक तारीख द्यावी, आणि पुढची मुदतवाढ विद्यापीठाऐवजी स्थलांतर विभागाकडून घ्यावी लागावी. पीएच.डी.चा अभ्यास चार वर्षांत क्वचितच संपतो. अशी तारीख आली तर प्रत्येक सत्राची क्रेडिटे बिनचूक राखणाऱ्या संशोधकालाही प्रबंधाच्या मध्यावर अर्ज करून निकालाची वाट पाहावी लागेल.