कमी आलेला आकडा

जिवाणूंच्या संसर्गात रक्तात वाढणाऱ्या प्रोकॅल्सिटोनिनची तपासणी आमच्या शहरातल्या लॅबमध्ये होऊ लागली, तेव्हा मला मोठा आधार वाटला होता. सेप्सिसचा रुग्ण आयसीयूत आला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, 'डॉक्टर, वाचतील ना?' आणि दुसरा, जरा खालच्या आवाजात, 'खर्च करून उपयोग आहे का, तेवढं स्पष्ट सांगा.' दोन्ही प्रश्नांना तोवर माझ्याकडे अनुभवातून आलेला अंदाज तेवढा होता. आता छापील आकडा हाती आला आणि मी दोन्ही उत्तरं त्याच्यावरून देऊ लागलो.

साठीच्या आसपासचे एक गृहस्थ. मधुमेह जुना. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला म्हणून मुलगा त्यांना रात्री घेऊन आला. बीपी ठीक होतं. श्वास मिनिटाला २८ होता, आणि बोलणं मध्येच भरकटत होतं. प्रोकॅल्सिटोनिन ०.३ आलं. गंभीर संसर्गात ते २ च्या, १० च्याही वर जातं, त्यामुळे ०.३ वाचून मी निश्चिंत झालो. मुलाला म्हणालो, 'संसर्ग रक्तात पसरलेला दिसत नाही, काळजी करू नका.' त्यांना आयसीयूऐवजी वॉर्डात ठेवलं. अँटिबायोटिकचं सकाळी बघू, असं केसपेपरवर लिहिलं.

रात्री सिस्टरचा फोन आला. 'सर, श्वास अजून वेगातच आहे. लघवी झालेली नाही. आणि बरळताहेत.' मी रिपोर्टचा हवाला दिला, सलाईनचा वेग वाढवायला सांगितला आणि फोन ठेवला. पहाटे बीपी कोसळलं. मग नॉरअ‍ॅड्रेनलिन, व्हेंटिलेटर, डायलिसिस, सगळं झालं. सकाळी पुन्हा पाठवलेलं प्रोकॅल्सिटोनिन ४० च्या वर होतं. काही दिवसांनी ते गेले.

जिवाणूंचा हल्ला सुरू झाल्यावर रक्तात प्रोकॅल्सिटोनिन वाढायला काही तास लागतात, शिखर गाठायला बहुधा बारा ते चोवीस. ताप संध्याकाळचा आणि रक्त त्याच रात्रीचं, म्हणजे आकडा कमी येणं अगदी शक्य होतं. हे मला नव्याने कळलं असं नाही. मी हे विद्यार्थ्यांना शिकवत होतो. २०१६ साली सेप्सिसची नवी व्याख्या आली, तिच्यासोबत खाटेपाशी करायची तीन खुणांची पडताळणीही आली: श्वास २२ किंवा जास्त, शुद्धीत फरक, वरचं बीपी १०० किंवा कमी. यांतल्या दोन असल्या तर रुग्ण दगावण्याचा धोका वाढलेला समजायचा. या गृहस्थांच्या बाबतीत दोन खुणा दारातच दिसत होत्या. त्या मोजायला लॅब लागत नव्हती, आणि सिस्टरने तर त्या मला फोनवर ऐकवल्या.

दुसरी चूक उलट्या दिशेची. मूत्रवाहिनीत खडा अडकलेल्या एका आजींचं प्रोकॅल्सिटोनिन 'शंभरपेक्षा जास्त' आलं. त्यापुढचा आकडा लॅब छापतच नाही. लॅक्टेटही चढलेलं. मी दोन्ही मुलांना बाजूला घेऊन सांगितलं, 'नळी टाकता येईल, पण फार आशा धरू नका.' मुलं आईला घरी न्यायचं बोलू लागली. स्वतःच्या जबाबदारीवर नेत असल्याचा फॉर्मही मागवला गेला. तेवढ्यात मुलगी गावाहून पोचली. 'आईला कुठंही न्यायचं नाही. नळी टाकता येते म्हणताय ना, मग ती टाका आधी.' युरॉलॉजिस्टने त्याच रात्री स्टेंट टाकला, मूत्रपिंडात साचलेला पू वाहून गेला, आणि आजी स्वतःच्या पायांनी घरी गेल्या.

तुंबलेल्या मूत्रमार्गातल्या जिवाणूंनी हा आकडा आकाशाला भिडतो आणि तुंबा काढला की झपाट्याने उतरतो. रोज साधारण निम्मा होत जातो. आकडा त्या क्षणीची आग सांगत होता. ती विझवता येण्यासारखी आहे का, हे सोनोग्राफीत दिसत होतं, आणि ती फिल्म माझ्या टेबलावरच होती.

पुढे वाचन केलं ते या दोघांमुळे. डेन्मार्कमधल्या १२०० आयसीयू रुग्णांवरच्या चाचणीत प्रोकॅल्सिटोनिन वाढलं की उपचार वाढवायचे, असं करून पाहिलं होतं. २०११ साली निष्कर्ष आले: जीव वाचण्याचं प्रमाण वाढलं नाही, उलट आयसीयूतला मुक्काम लांबला. चढउतार पाहणं मात्र उपयोगी ठरतं. अमेरिकेतल्या मोझेस अभ्यासात (२०१७) ज्यांचं प्रोकॅल्सिटोनिन चौथ्या दिवसापर्यंत ऐंशी टक्क्यांनी उतरलं नाही, त्यांच्यातले मृत्यू उतरलेल्यांच्या सुमारे दुप्पट होते. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही तसंच सुचवतात: अँटिबायोटिक कधी थांबवायचं हे ठरवताना हा आकडा मदतीला घ्या, सुरू करायचं की नाही हे त्याच्यावरून ठरवू नका. मी ते त्याच्यावरूनच ठरवलं होतं.

तपासणी मी आजही करतो, पण पहिल्या दिवसाचा आकडा नातेवाइकांना सांगत नाही. हातपाय गार आहेत का, नखाखालचा रंग दाबून सोडल्यावर तीन सेकंदांत परततो का, लघवी किती झाली, हे आधी केसपेपरवर लिहितो आणि मगच रिपोर्ट उघडतो. रात्री सिस्टरचा फोन आला की उठून जातो.

त्या गृहस्थांच्या मुलाला मी तेव्हा म्हणालो होतो, 'आजार फार वेगाने पुढे गेला.' ते खोटं नव्हतं. पण रात्रीचे चार-पाच तास आमच्या हातात होते आणि ते मी घालवले, हे त्याला सांगायला हवं होतं. त्याने जाताना माझे आभार मानले. ते मी ऐकून घेतले, आणि पुढे त्याला कधी फोन केला नाही.