बासष्टाव्या वर्षी बिगरीत

कोल्हापूरचा माणूस परगावी निघाला की त्याला पहिली काळजी जेवणाची. मी तर थेट स्पेनला निघाले होते, आणि तेही परक्याच्या घरी राहून स्पॅनिश शिकायला! शेजारच्या काकू म्हणाल्या, "अवो बाई, पेन्शन लागली न्हवं? आता आनि कसली परीक्षा द्याची हाय?"

खरे कारण त्यांना सांगण्यासारखे नव्हते. माझी मुलगी माद्रिदला असते. तिची मुलगी सहा वर्षांची. आदल्या वर्षी मी तिथे महिनाभर राहिले, तेव्हा नात माझ्याशी मराठीत बोलायची. पण मी पडले शाळामास्तरीण. चौतीस वर्षे मुलांना मराठी शिकवलेले! पोरीचे एक वाक्य धड पुरे होऊ देईन तर शपथ. लिंग चुकले, टोक. प्रत्यय चुकला, टोक. दुसऱ्या आठवड्यात ती मला स्पॅनिशमधून उत्तरे देऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात उत्तरेच देईनाशी झाली. तेव्हा मनाशी म्हटले, ती आपल्याकडे येत नाही तर आपणच तिच्याकडे जावे. मुलगी म्हणाली, "आई, माझ्या घरी तू मराठीच बोलत बसशील. सालामांकाला जा. तिथे एखाद्या कुटुंबात राहा."

सालामांका माद्रिदपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर, तोर्मेस नदीच्या काठी आहे. नदीवर रोमन काळातला पूल आहे. गावातल्या जुन्या इमारतींचा दगड असा, की संध्याकाळच्या उन्हात सारे गाव हळद लागल्यासारखे दिसावे. इथले विद्यापीठ 1218 सालचे. स्पॅनिशचे पहिले व्याकरण नेब्रिखा नावाच्या पंडिताने लिहिले, तेही 1492 साली इथेच प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी कोलंबस हिंदुस्थान शोधायला निघाला आणि अमेरिकेला जाऊन पोचला. म्हणजे चुकीच्या रस्त्याने जाणारी मी काही पहिली नव्हे!

घरच्या आजीबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मुलगा आणि सून त्यांच्यापाशी राहत. दुपारचे जेवण अडीचला, रात्रीचे साडेनऊला. पहिल्या रात्री मी मुकाट्याने पानावर बसले होते. आजीबाईंनी वाटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "कोमे, ईखा, कोमे!" म्हणजे "खा, मुली, खा!" आई गेल्यापासून मला 'मुली' म्हणून कोणी हाक मारली नव्हती. घास जरा अडकलाच.

वाटीत मसुरीची आमटी होती, वर लालभडक मिरचीची पूड. मी कोल्हापुरी जिभेने सावधपणे चव घेतली, तर तिखट नावालाही नाही. नुसता धुराचा वास. मिरच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात म्हणे. मिरची मूळची अमेरिकेची. तिथून ती स्पेनला आली आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे. आपला तांबडा रस्साही, म्हणजे, पाचशे वर्षांपूर्वी तांबडा नव्हता!

कार्तिकी एकादशीला उपवासाचे कसे सांगावे? आपला 'बटाटा' पोर्तुगीजांकडून आला हे ठाऊक होते, म्हणून मोठ्या धीराने "बाताता" म्हटले. आजीबाईंनी भाजलेली रताळी आणून ठेवली! स्पॅनिशमध्ये बटाट्याला 'पाताता' म्हणतात आणि 'बाताता' म्हणजे रताळे. पांडुरंगाच्या कृपेने उपवास मात्र मोडला नाही.

वर्गात माझ्याभोवती सगळी विशीतली पोरे. मराठीचा मला फायदाच झाला. त, द आपल्यासारखेच. तू आणि तुम्ही यांना तू आणि उस्तेद. 'मला कॉफी आवडते' हे वाक्यही जसेच्या तसे, 'मे गुस्ता एल काफे'. इंग्रजीतून आलेली पोरे तिथे अडखळत आणि मी भराभर पुढे जाई. मग एके दिवशी फजिती झाली. ओकारान्त नाम पुल्लिंगी, हा नियम धरून मी हाताला 'एल मानो' म्हटले. हात कसा पुरुषच! पण स्पॅनिशमध्ये हात स्त्रीलिंगी. का? त्याला कारण नाही.

मी मान खाली घातली. आता वर्ग हसणार! पण शिक्षिका, माझ्या मुलीहून लहान, सहज म्हणाली, "आ, ला मानो? हो, मग पुढे काय झाले?" आणि माझे वाक्य तिने पुरे होऊ दिले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांपुढे गडहिंग्लजकडच्या एका खेड्यातला मुलगा उभा राहिला. घरची भाषा कानडी. शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृह काढले, तेव्हापासून अशी मुले या गावात शिकायला येतात. हाही तसाच एका बोर्डिंगात राहायचा. कानडीत निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. एकदा तो उभा राहून म्हणाला, "बाई, माझं वही हरवलं." मी त्याचेच वाक्य त्याच्याच सुरात म्हणून दाखवले. वर्ग खदखदून हसला. वही कुणी शोधली नाही. वर्ष संपेपर्यंत तो मुलगा वर्गात आपणहून बोलला नाही आणि मी त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'अबोल' असा शेरा मारला.

वही स्त्रीलिंगी का? त्यालाही कारण नाही.

सहा आठवड्यांनी मी कोल्हापूरला परत आले. माझे स्पॅनिश बेताचेच आहे. पण दर रविवारी माद्रिदचा फोन येतो. पडद्यावर नातीचा चेहरा दिसला की मी तिच्या भाषेत चार मोडकी वाक्ये बोलते. ती खूप हसते आणि मलाच टोकते. मी तिला हसू देते.

परवा हसता हसता ती एकदम मराठीत म्हणाली, "आजी, माझं बाहुली पडलं."

जीभ सवयीने वळवळली. मी ती आवरली.

"तुझी बाहुली पडली? अगं बाई! लागलं का तिला? दाखव बघू."